रेल्वेचा मानपान



वसंतातल्या या व्याख्यानमालेत वेदान्त, इतिहास, राज्यकारण अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. तेव्हा आजचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा गृहस्थ हारतुरे, पेढे आणि केक यांचा हिशेब येथे काय म्हणून मांडतो आहे? शंका रास्त आहे. पण संसार चालवणाऱ्या मंडळींना एक गोष्ट ठाऊक असते. मोठ्या खर्चावरून घराची ऐपत कळते. घराची नियत मात्र किरकोळ खर्चावरूनच कळते. रेल्वे हा तर आपणा सर्वांचा सामाईक संसार. तिच्या किरकोळ खर्चावरून तिची नियत ओळखता येते का, एवढेच आज मला पाहावयाचे आहे.

प्रश्न असा. उतारूंची ने-आण करणाऱ्या रेल्वेने, आपले नाव चांगले व्हावे म्हणून, छोटेमोठे कौतुकाचे खर्च करावेत की नाहीत? नवी गाडी निघाली की इंजिनाला झेंडूच्या माळा, पहिल्या फेरीच्या उतारूंना गुलाबाचे फूल, वर्धापनदिनाला केक, शताब्दीला सजवलेला डबा. २००२ साली आपल्या रेल्वेने दीडशे वर्षांच्या सोहळ्यासाठी ‘भोलू’ नावाचा एक हत्ती निर्माण केला. गार्डच्या पोशाखातला, हातात हिरवा दिवा घेतलेला. सोहळा आटोपला, पण हत्ती राहिला. रेल्वेने त्याला कायमचे आपले बोधचिन्ह करून घेतले. अशा सगळ्या गोष्टींना मी रेल्वेचा मानपान म्हणतो. लग्नघरात जेवण वेगळे आणि मानपान वेगळा. जेवण हे कर्तव्य, आणि अत्तराचा फाया, गुलाबपाणी, हातावर ठेवलेला नारळ हा मानपान.

हा प्रकार काही नवा नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली उतारू गाडी सुटली, तेव्हा तिला १४ डबे होते, आत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे होते आणि बाहेर २१ तोफांची सलामी झडली. म्हणजे आपल्या देशात उतारूंची रेल्वे जन्मली तीच वाजतगाजत. त्या दिवसाचा खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही. वाफेच्या जोरावर धावणारी ही वस्तू ज्यांनी कधी पाहिलीच नव्हती, त्यांना तिच्यात बसण्यास बोलवायचे तर थोडा गाजावाजा हवाच होता. अपरिचिताची ओळख करून देणे हा मानपानाचा पहिला आणि न्याय्य उपयोग.

पण ती ओळख आता पावणेदोनशे वर्षांच्या घरात गेली. तेव्हा आजचा आक्षेपक काय म्हणतो ते नीट ऐकून घेऊ. तो म्हणतो, “रेल्वेचा पैसा जनतेचा. २०२३-२४ साली रेल्वेला शंभर रुपये मिळवण्यासाठी ९८ रुपयांहून अधिक खर्च करावा लागला. ज्या घरात महिन्याअखेर दीड-दोन रुपये उरतात, त्या घराने अत्तराच्या कुप्या कशाला आणाव्यात? दुसरे असे की, दुकानदार गूळ-पाणी देतो ते गिऱ्हाईक यावे म्हणून. ज्या दुकानाच्या दारात माणसे चेंगरत आहेत, त्याने गिऱ्हाइकांना आमंत्रण कसले द्यावयाचे?”

या दुसऱ्या मुद्द्यात फार तथ्य आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज सत्तर लाखांच्या आसपास माणसे ये-जा करतात. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरात १४ ते १६ माणसे उभी असतात. पंगतीचे चार पाट जेथे जेमतेम मांडता येतील, तेवढ्या जागेत पंधरा माणसे! त्यांना “आमच्या गाडीने या” असे सांगणारी पाटी लावणे म्हणजे पुरात उभ्या असलेल्या माणसाला नदीकाठची शोभा वर्णन करून सांगणे होय.

तथापि सगळ्याच रेल्वे भरलेल्या नसतात. जपानातील वाकायामा शहरापासून किशी या गावापर्यंत एक १४.३ किलोमीटरचा मार्ग आहे. उतारू कमी होत गेले, तेव्हा नान्काई नावाच्या मोठ्या कंपनीने तो चालवण्याचे सोडले. गावकऱ्यांनी गाडी टिकावी म्हणून चळवळ केली आणि एप्रिल २००६ मध्ये एका लहान नव्या कंपनीने हा मार्ग हाती घेतला. किशी स्थानकावर माणूस ठेवणेही परवडत नव्हते. शेजारच्या दुकानात एक तिरंगी मांजर होते, त्याचे नाव तामा. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने या मांजराची स्टेशनमास्तर म्हणून रीतसर नेमणूक केली, त्याच्या मापाची टोपी शिवून घेतली आणि पगार म्हणून त्याचे खाणे बांधून दिले. मांजर पाहण्यासाठी दूरदूरचे लोक त्या गाडीने येऊ लागले. २०१५ साली तामा मेले तेव्हा त्याच्या अंत्यविधीला हजारो माणसे जमली.

आता हा खर्च शहाणपणाचा की पोरखेळाचा? माझ्या मते शहाणपणाचा, आणि त्याचे कारण अगदी हिशेबी आहे. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांचा खर्च जवळजवळ सारखाच असतो. चालकाचा पगार, रुळांची निगा, वीज, यांत काही मोठा फरक पडत नाही. म्हणून रिकाम्या बाकावर येऊन बसलेला प्रत्येक नवा उतारू ही बहुतांशी निव्वळ मिळकत. आपल्याकडेही नेरळ–माथेरानसारख्या, सहलीला जाणाऱ्यांवर जगणाऱ्या १९०७ सालच्या छोट्या गाडीने असे कौतुक केले तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. किशीचा मार्ग एकट्या मांजराने तारला नाही. स्थानिक सरकारांनी तूट भरून देण्याचे मान्य केले होते, डबे नव्या रूपात आणले होते आणि गाड्या वेळेवर सुटत होत्या. मांजर टोपी घालून बसले ते या पायावर.

तेव्हा आक्षेपकाचे अर्धे म्हणणे मी मान्य करतो. उतारू ओढून आणण्यासाठी मानपान करावयाचा तर तो रिकाम्या गाडीने करावा. भरलेल्या गाडीला त्याचे प्रयोजन नाही. पण म्हणून भरलेल्या गाडीने मानपान मुळीच करू नये, असे जे तो पुढे म्हणतो, ते मला मान्य नाही. पाहुणा आपणहून आला, किंबहुना दुसरीकडे जाण्याची सोयच नाही म्हणून आला, तर त्याला पाणी विचारू नये काय? उलट ज्याला दुसरी वाट नाही, त्याचा मान राखणे हीच खरी माणुसकी. जो सोडून जाऊ शकतो त्याची मनधरणी तर व्यापारीही करतो.

येथे मला प्राध्यापक मधु दंडवते यांची आठवण होते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा, कोकणातल्या राजापूरमधून लोकसभेवर गेलेला हा समाजवादी माणूस १९७७ ते १९७९ या काळात देशाचा रेल्वेमंत्री होता. त्या काळी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात झोपावयाचे म्हणजे उघड्या लाकडी फळीवर. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच जाडीची फोमची गादी घातली. २६ डिसेंबर १९७७ रोजी त्यांनी मुंबई–हावडा मार्गावर गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. तिच्यात वरचा वर्ग असा नव्हताच. पुढे ही गादीची फळी हळूहळू सगळीकडे गेली.

दोन इंच! राष्ट्राच्या अर्थसंकल्पात दोन इंच फोमला काय किंमत? पण ज्या मजुराने, ज्या शिक्षकाने, तान्हे मूल घेऊन माहेरी निघालेल्या ज्या बाईने त्यापूर्वी दोन-दोन रात्री त्या फळीवर काढल्या होत्या, तिच्या पाठीला त्या दोन इंचांचा अर्थ कळला. रेल्वे आपल्याला माल समजत नाही, माणूस समजते, हे कोणत्याही जाहिरातीने सांगितले नसते इतक्या स्पष्टपणे त्या गादीने सांगितले. रेल्वेचे नाव एवढ्या थोड्या साधनात इतक्या लोकांच्या तोंडी चांगले झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. हा मानपानच होता. पण तो गळ्यात घातला नव्हता, पाठीखाली घातला होता.

दुसरे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये लखनौ–दिल्ली मार्गावर तेजस एक्सप्रेस सुरू झाली. गाडीला एक तासाहून अधिक उशीर झाला तर १०० रुपये, दोन तासांहून अधिक झाला तर २५० रुपये उतारूला भरपाई, असे तिच्या चालकांनी जाहीर केले आणि त्याच महिन्यात गाडीला तीन तासांच्या वर उशीर होताच ते पाळूनही दाखवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना बंद झाली. तोपर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळात, दिलेली एकूण भरपाई होती सुमारे २६ लाख रुपये. आता २५० रुपयांनी कोणाची बुडालेली मुलाखत परत येत नाही. पण चूक आमची, तिचा दंड आम्ही भरू, असे रेल्वेने आपणहून म्हणणे यात उतारूचा जो मान आहे, तो फुलाच्या गुच्छात नाही. मांजराच्या त्या जपानातच १४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्सुकुबा एक्सप्रेस एका स्थानकावरून ठरल्या वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली. कोणाची तक्रार नसताना कंपनीने जाहीर क्षमा मागितली. या क्षमेला खर्च शून्य. पण ती मागण्याचा अधिकार वर्षानुवर्षे सेकंदांचा हिशेब ठेवूनच मिळवावा लागतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०१६ सालापासून आपल्या रेल्वेने तिकिटांवर एक वाक्य छापण्यास आरंभ केला. त्याचा आशय असा की, तुमच्या प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच आम्ही तुमच्याकडून वसूल करतो. आकडा खोटा नाही, आणि रेल्वेचा ओढाताणीचा संसार लोकांना कळावा ही इच्छाही वाईट नाही. पण पंगतीत वाढताना “एवढे तूप आमच्या पदरचे बरे का” असे पानापानाशी जाऊन सांगणारा यजमान आपण पाहिला आहे काय? त्याचे तूप खरे असते, तरी जेवणाराचा घास घशात अडकतो.

त्याहून अलीकडचा प्रकार म्हणजे स्थानकांवर उभारलेल्या, छायाचित्र काढून घेण्याच्या कमानी. लोक त्यांना सेल्फी पॉइंट म्हणतात. मध्य रेल्वेने माहितीच्या अधिकाराखाली दिलेले उत्तर डिसेंबर २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाले. त्याप्रमाणे एका तात्पुरत्या कमानीचा खर्च सव्वा लाख रुपये, आणि एका कायमच्या कमानीचा सव्वासहा लाख रुपये. त्यामागच्या राजकारणाशी आज मला कर्तव्य नाही. मी केवळ हिशेब मांडतो. अशा चार कायमच्या कमानींच्या खर्चात वर सांगितलेली चार वर्षांची भरपाई जवळजवळ भागली असती. कमानीपाशी उतारू क्षणभर थांबतो, हसतो आणि पुढे जातो. त्याच्या पाठीला, पायाला, तहानेला किंवा वेळेला तिचा स्पर्श होत नाही. दंडवत्यांची गादी आणि ही कमान, दोन्ही खर्च तसे किरकोळच. पण एकात रेल्वे उतारूकडे पाहते आहे, दुसऱ्यात ती स्वतःकडे पाहून घेते आहे.

कोणी म्हणेल, “अहो, लाख-दोन लाखांनी रेल्वे बुडत नाही आणि तेवढ्याने तिचे रूळही होत नाहीत. मग एवढा काथ्याकूट कशाला?” पैशापुरते हे खरे आहे. परंतु मानपानाचा खरा खर्च रुपयांत नसतोच; तो लक्षात असतो. अधिकाऱ्याचा दिवस आपल्यासारखाच चोवीस तासांचा. ज्या दुपारी तो हार कोठून आणावयाचे, पाहुणे कोठे बसवावयाचे, फीत कोणी कापावयाची हे ठरवीत असतो, त्या दुपारी तो जिन्याच्या पायऱ्या मोजत नसतो.

आणि जिन्याच्या पायऱ्या मोजणे किती जरुरीचे असते, हे आपण २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाहिले. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्थानके जोडणारा तो अरुंद पूल. पाऊस आला म्हणून माणसे आडोशाला थांबली, मागून गाड्यांतून नवी माणसे उतरत राहिली, आणि त्या जिन्यावर २३ जणांचा चेंगरून जीव गेला. ती माणसे रुळांवरून धावत नव्हती की टपावर बसली नव्हती. ती कामावर निघाली होती. नव्या पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती, पूल मात्र उभा राहिला नव्हता. नंतर सैन्याला पाचारण केले गेले आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, तेथे नवा पूल खुला झाला. तेव्हा पूल बांधता येत नव्हता असे नाही. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. कागदावर मंजूर झालेला पूल कोणाला हार घालत नाही आणि त्याच्यापुढे कोणी छायाचित्रही काढून घेत नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरत आली आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दाराला लोंबकळणारी माणसे धावत्या लोकलमधून खाली पडली आणि काही प्राणास मुकली, ही तर अगदी अलीकडची गोष्ट. अशा ठिकाणी मानपानाचा प्रश्न हा केवळ चवीचा प्रश्न राहत नाही. कशाकडे पाहावयाचे आणि कशाकडे पाहावयाचे नाही, याचा तो प्रश्न होतो.

म्हणून माझे म्हणणे मी असे मांडतो. रेल्वेने छोटे खर्च जरूर करावेत. पण प्रत्येक वेळी स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, हा मान कोणाला मिळतो? मंचावरच्या पाहुण्याला, की फलाटावरच्या उतारूला? मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत थांबवली गेली. पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के सूट असे. ती थांबवणे योग्य होते की अयोग्य, यावर दोन मते असू शकतील. पण सवलत काढून घेतलेल्या त्याच आजोबांच्या हाती ज्येष्ठ नागरिक दिनाला गुलाबाचे फूल द्यावयाचे, हे मात्र कोणत्याही मताने शोभणारे नाही. दुसरी गोष्ट, हा मान उद्या टिकतो का? पहिल्या फेरीचा पेढा दुसऱ्या फेरीला नसतो. फलाटावरचा पंखा, वाहत्या पाण्याचा नळ, पाठ टेकण्याजोगा बाक, बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी, जिन्याला धरण्याजोगा कठडा, या गोष्टी रोज मान देतात. त्यांचे उद्घाटन करू नये. त्यांची निगा राखावी.

आणि यांतली सर्वांत स्वस्त गोष्ट सांगावयाची राहिलीच. गाडीला उशीर झाला तर खरे कारण आणि खरी वेळ ध्वनिक्षेपकावरून सांगणे. “असुविधेबद्दल खेद आहे” हे तबकडीवरचे वाक्य आता कोणाच्या कानांत शिरत नाही. पण “पुढे सिग्नल बिघडला आहे, किमान चाळीस मिनिटे लागतील, ज्यांना घाई आहे त्यांनी बाहेरून बस घ्यावी”, असे एखाद्या जिवंत माणसाने सांगितले तर फलाटावरचा निम्मा राग तिथल्या तिथे विरून जातो. याला पैसे लागत नाहीत. उतारूला खरे ऐकण्याचा अधिकार आहे, एवढे मानावे लागते.

मानपान उतारूवरही काही बंधन घालतो, हेही सांगावयास हवे. मे २०१७ मध्ये मुंबई–गोवा तेजस एक्सप्रेसच्या पहिल्याच फेरीनंतर आसनापुढच्या काही पडद्यांवर ओरखडे निघाले आणि कानाला लावावयाची काही यंत्रे नाहीशी झाली. त्यावरून “आमचे लोक या लायकीचेच नाहीत” असा निष्कर्ष काढण्यास पुष्कळ जण पुढे सरसावले. मला तो मान्य नाही. पण जी वस्तू आपल्याला दिली ती आपली आहे, म्हणजे आपल्यानंतर येणाराची आहे, ही जाणीव आपल्या अंगी असावी लागते, हेही तितकेच खरे. दिलेला मान घेता येणे हीसुद्धा एक नागरिकता आहे.

शेवटी आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याच्या गाडीविषयी थोडे. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या. एक रुपेरी, तांबड्या पट्ट्यांची, दुसरी निळी, सोनेरी रेघांची. आरंभी ती साहेबांची आणि घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या शौकिनांची गाडी; तिसऱ्या वर्गाला तिच्यात प्रवेश मिळाला तो १९५५ साली. त्यानंतरच ती खऱ्या अर्थाने पुण्या-मुंबईच्या नोकरदारांची झाली. आज दर १ जूनला पुणे स्थानकावर तिचा वाढदिवस साजरा होतो. केक कापला जातो, इंजिनाला हार पडतात. आणि त्यात पुढाकार कोणाचा असतो? रोज तिच्यातून जाणाऱ्या उतारूंचा! मान घेणारानेच मान देणाराला हार घातला, असा हा प्रकार आहे.

हे कोणत्या जाहिरातीने घडले? वर्षानुवर्षे सकाळी सुटून कचेरीच्या वेळेपर्यंत माणसाला मुंबईत पोचवणे, संध्याकाळी घरी आणून सोडणे, आणि वाटेत भोजनयानातला गरम चहा आणि आम्लेट. जेवण चांगले झाले, वेळेवर झाले आणि सर्वांना मिळाले, की पाहुणाच यजमानाच्या हातावर नारळ ठेवतो. रेल्वेने मानपानावर खर्च करावा की नाही, याचे उत्तर या वाढदिवसात आहे असे मला वाटते. तिने एवढाच मान द्यावा, आणि असा द्यावा, की तो परत मिळण्याची लाज वाटू नये.